एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं मी पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. म्हणजे सकाळी तुमच्या गाडीभोवती फेरी मारून जॉब कार्डावर ओरखडे टिपणारा आणि संध्याकाळी बिल हातात देऊन बोलणी खाणारा माणूस. नोकरी सोडली, पण फोन सुटले नाहीत. सोसायटीत, नात्यात कुणी गाडी बुक केली की डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी फोन ठरलेला: “अहो, ते वॉरंटीचे पंधरा हजार लावतायत, देऊ का?” त्या फोनांवर दिलेली उत्तरं इथे एकत्र करून ठेवतोय.

कोटेशनमध्ये ‘ईडब्ल्यू’ अशी एक ओळ आहे. ती काय?

एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज यांच्या खाली बारीक अक्षरात ‘ईडब्ल्यू’ असतं, तीच ही एक्स्टेंडेड वॉरंटी. गाडीबरोबर मिळणारी मूळ वॉरंटी संपली की पुढची एक, दोन किंवा जास्त वर्षं ठरावीक भागांची दुरुस्ती फुकट करून देण्याचा हा करार असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा सांगितलेला आकडा करासह आहे की कराआधीचा, हे विचारून घ्या.

हा करार ऐच्छिक आहे. विमा आणि नोंदणी यांच्या रांगेत ही ओळ अशी बेमालूम बसवलेली असते की तीही सरकारी वाटते. तसं काही नाही.

आणि तुम्ही आज पैसे भरता, पण संरक्षण आजपासून सुरू होत नाही. मूळ वॉरंटी तीन वर्षांची असेल तर तुमचे पैसे तीन वर्षं नुसते तिकडे पडून राहतात. कर्जावर गाडी घेताना ही रक्कम हप्त्यात घातली तर आणखी मजा. ९ टक्क्यांनी ७ वर्षांचं कर्ज असेल तर २०,००० रुपयांच्या वॉरंटीचे फिटेपर्यंत जवळपास २७,००० होतात. घ्यायचीच असेल तर रोख द्या, कर्जात घालू नका.

मूळ वॉरंटी किती असते?

हल्ली बहुतेक कंपन्या तीन वर्षं देतात, फरक किलोमीटरच्या मर्यादेत असतो. टाटा, टोयोटा यांची ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, ह्युंदाई, होंडा, किया यांची ३ वर्षं आणि किलोमीटरला मर्यादा नाही, असा ढोबळ हिशेब. मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून तुमच्या गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत लिहिलेलंच खरं धरा.

मारुती सुझुकीची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे निम्मे सल्ले मारुतीच्या अनुभवावरून येतात. त्यांची मूळ वॉरंटी जुलै २०२४ पर्यंत २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर होती, ती तेव्हा ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली. त्यामुळे “एक्स्टेंडेड घेतलीच पाहिजे, दोन वर्षांत काय होतंय” हे काकांचं वाक्य काकांनी गाडी घेतली तेव्हा बरोबर होतं. आता तिसरं वर्ष गाडीच्या किमतीतच आलंय.

‘३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर’ म्हणजे यातलं जे आधी होईल ते. महिन्याला चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या औषध प्रतिनिधीची वॉरंटी पंचविसाव्या महिन्यातच संपते, आणि तो मात्र तिसऱ्या वाढदिवसाची वाट बघत असतो.

विमा आहे, झीरो डेपही घेतलंय. मग ही कशाला?

दोन्हींची कामं वेगळी. गाडीला बाहेरून काही झालं, म्हणजे ठोकली, चोरीला गेली, झाड पडलं, तर विमा. गाडी आतून बिघडली, म्हणजे एसीचा कंप्रेसर बसला, स्टिअरिंगमधून आवाज यायला लागला, गिअरबॉक्सने मान टाकली, तर वॉरंटी. नेहमीच्या विमा पॉलिसीत यांत्रिक आणि इलेक्ट्रिकल बिघाड स्पष्टपणे वगळलेला असतो. झीरो डेपचा अर्थ एवढाच की अपघाताच्या क्लेममध्ये प्लास्टिक, रबर, धातूच्या भागांचा घसारा कापत नाहीत.

पावसाळ्यात इंजिनात पाणी गेलं तर?

वॉरंटीतून एक रुपयाही मिळत नाही, मूळ असो की वाढवलेली. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यातही सहसा हे बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण अंडरपासमध्ये गुडघाभर पाणी दर पावसाळ्यात साचतं. तुमची बेसमेंट पार्किंग तुंबत असेल आणि खिशात एकाच गोष्टीचे पैसे असतील, तर एक्स्टेंडेड वॉरंटी सोडा आणि इंजिन प्रोटेक्ट घ्या.

उंदरांचंही तेच. वायरिंग कुरतडलेलं दिसलं की वॉरंटीवाले फोटो काढतात आणि फाइल बंद करतात. विम्यात मिळतं का ते पॉलिसीवर अवलंबून, तिथे विचारा.

मग या वॉरंटीत नक्की काय येतं?

ब्रोशरवर ‘बम्पर टू बम्पर’ असले शब्द असतात, ते वाचू नका. मागच्या पानावरची वगळलेल्या भागांची यादी वाचा, खरी वॉरंटी तिथे असते.

साधारणपणे इंजिनचे आतले भाग, गिअरबॉक्सचे आतले भाग, स्टिअरिंग रॅक, ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), अल्टरनेटर, स्टार्टर मोटर, एसी कंप्रेसर, फ्युएल पंप, पॉवर विंडोच्या मोटरी हे येतं. जे झिजण्यासाठीच बनवलंय ते येत नाही: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, बेल्ट, फिल्टर, सगळी तेलं, कूलंट. टायर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी त्या त्या बनवणाऱ्याची असते. रंग, गंज, सीटचं कापड, काचा आणि आतला खडखडाट हेही सहसा बाहेर.

भांडणं होतात ती मधल्या पट्ट्यात. सस्पेन्शनचे बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळ वॉरंटीत मिळतात, पण वाढवलेल्या वॉरंटीत अनेक ठिकाणी गळून पडतात, आणि आपल्या रस्त्यांवर सगळ्यात आधी तेच जातात. टचस्क्रीन, कॅमेरे, सनरूफची मोटर यांचंही तसंच. कुठे पूर्ण येतात, कुठे मर्यादेत, कुठे अजिबात नाही. नव्या गाड्यांत पुढच्या बम्परमागे आणि काचेवर जे रडार-कॅमेरे असतात, त्यांचा उल्लेख यादीत आहे का ते मुद्दाम बघा. मी काउंटरवर होतो तेव्हा ग्राहकाला आम्ही कधीच ही यादी आपणहून दाखवत नव्हतो. मागितली तर देत होतो. तुम्ही मागा, तीही सही करायच्या आधी.

दुरुस्तीत लागणारं तेल, गॅस्केट, एसीचा गॅस यांचे पैसे बऱ्याचदा वेगळे लागतात. गाडी चार दिवस वर्कशॉपमध्ये पडली आणि तुम्ही रिक्षाने फिरलात, तर तो खर्च तुमचाच.

सरळ सांगा, पैसे वसूल होतात का?

लहान पेट्रोल हॅचबॅक घेऊ, हाताने गिअर टाकायची. समजा चौथ्या आणि पाचव्या वर्षासाठी १४,००० मागितले. या दोन वर्षांत निघू शकणारं एखादं मोठं काम समजा ४०,००० चं. म्हणजे अशा दर तीन गाड्यांतल्या एकीत तरी एवढं मोठं, आणि वॉरंटीत बसणारं, काम निघायला हवं, तेव्हा कुठे हिशेब बरोबरीत सुटतो. माझ्या अकरा वर्षांत साध्या मॅन्युअल पेट्रोल गाड्यांचं चौथ्या-पाचव्या वर्षी असं प्रमाण मी पाहिलेलं नाही, जवळपासही नाही. येतात त्या क्लच प्लेट बदलायला, बुश बदलायला, बॅटरी मेली म्हणून. आणि यातलं काहीच वॉरंटीत नाही.

तेच १४,००० सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर तीन वर्षांत सतरा हजार होतात, आणि गाडी नीट चालली तर तुमचेच राहतात.

पण सरासरीने घर चालत नाही. ज्या घरात अचानक साठ हजारांचं बिल आलं तर मुलांची फी थांबेल, त्या घरासाठी पंधरा हजारांची निश्चिंती महाग नाही. ज्यांच्याकडे तेवढे पैसे बाजूला असतात त्यांनी हा जुगार स्वतःच्या खिशातून खेळावा. मला फोन आला की मी गाडीचं मॉडेल नंतर विचारतो, आधी विचारतो, “साठ हजार लागले तर कुठून आणाल?”

कोणत्या गाडीला घ्यावीच?

याचं अर्ध्याहून जास्त उत्तर गिअरबॉक्समध्ये आहे.

ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, विशेषतः कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचचा, तर मी डोळे मिटून घ्या म्हणतो. या जातीचा गिअरबॉक्स वेगात झकास चालतो, पण रांगत्या गर्दीत त्याचे क्लच अर्धवट टेकलेले राहून तापतात. गणपतीच्या आदल्या शुक्रवारी मुंबई–गोवा रस्त्यावर सहा तास इंच-इंच सरकणं ही त्याची खरी परीक्षा. त्यातला मेकॅट्रॉनिक, म्हणजे तेलाच्या दाबावर गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक ठोकळा, गेला तर सहसा सुटे भाग न बदलता अख्खा ठोकळाच बदलतात, आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. क्लच ‘झीज’ म्हणून वगळलाय का, हे मात्र लेखी विचारा. ड्युअल क्लचला वॉरंटी घेतली आणि क्लच वगळला तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यातलं अ‍ॅक्चुएटरचं युनिट महाग, बाकी साधं. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, क्वचित काही निघतं, पण निघालं तर बहुधा दुरुस्ती न करता गिअरबॉक्सच बदलतात. जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक या सगळ्यांत गरीब गाय.

डिझेलचा प्रकार वेगळा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांत डीपीएफ आला. धुरातली काजळी धरून ठेवणारी ही गाळणी मोकळ्या रस्त्यावर तापून स्वतःला जाळून साफ करते. रोज चार किलोमीटरवरच्या शाळेत मूल सोडून परत येणाऱ्या गाडीत ती कधी पुरेशी तापतच नाही आणि तुंबते. तुंबलेल्या डीपीएफला ‘वापराचा दोष’ म्हणून नकार मिळणं सर्रास आहे. त्यामुळे डिझेल एसयूव्हीला वॉरंटी घ्या, टर्बो आणि इंजेक्टर महाग असतात, पण ती घेतल्याने गाडी गावात फिरवायला मोकळे झालात असं समजू नका. अशा माणसाने मुळात डिझेल घ्यायलाच नको होतं, पण तो विषय वेगळा.

टर्बो पेट्रोल, हायब्रीड आणि युरोपीय गाड्या: माझा कल घेण्याकडे. बाजारात पहिल्यांदाच आलेलं इंजिन किंवा नवं मॉडेल असेल तर नक्की घ्या, पहिल्या तुकडीचे ग्राहक हेच खरे टेस्ट ड्रायव्हर असतात.

माझी मॅन्युअल पेट्रोल गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर चालते, पाच वर्षांनी विकणार आहे.

नको.

सेल्समन म्हणतो आजच घ्या, नंतर मिळणार नाही.

अर्धसत्य. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही घेता येते. जितका उशीर तितकी किंमत वाढते आणि शेवटच्या टप्प्यात गाडीची तपासणीही करतात, एवढंच. पहिल्या काही महिन्यांनंतरचा दर, वर्षानंतरचा दर असे टप्पे असतात, तो तक्ता मागून घ्या.

माझा सल्ला: दर फारसा वाढत नसेल तर थांबा. तीस-चौतीस महिने गाडी वापरली की तिचा स्वभाव कळतो, तुमचा रोजचा प्रवास कळतो, त्या मॉडेलच्या तक्रारीही बाहेर आलेल्या असतात. गिअर टाकताना झटका बसतो का, थंड इंजिनला आवाज आहे का, हे तोवर माहीत होतं. शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र ताणू नका. मुदत संपल्यावर एक दिवस उशीर झाला तरी दार बंद होऊ शकतं. फोनमध्ये दोन महिने आधीची आठवण लावून ठेवा.

“वॉरंटी घेतली नाही तर डिलिव्हरीला वेळ लागेल” म्हणाले.

एका वस्तूबरोबर दुसरी घ्यायला भाग पाडणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापारी व्यवहार आहे. पण कायदा तोंडावर फेकण्याआधी साधा उपाय करा. “हे मला ईमेलवर लिहून पाठवा, मी घरी विचारतो” असं सांगा. ईमेल कधी येत नाही, आणि ती ओळ कोटेशनमधून हळूच गायब होते. सेल्समनवर रागावू नका, त्याच्या महिन्याच्या टार्गेटमध्ये ईडब्ल्यूचा रकाना वेगळा असतो.

बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते का?

एक्स्टेंडेड वॉरंटीपुरतं बोलायचं तर हो, असंच धरून चाला. करारात लिहिलेलं असतं की ठरलेलं सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच, वेळापत्रकाप्रमाणे व्हायला हवं.

हे न्याय्य आहे का, हा वेगळा वाद, आणि तो देशात मोठ्या पातळीवर झालाय. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं हा मुख्य आक्षेप होता, बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करण्याच्या अटींवरही आयोगाने बोट ठेवलं. पुढे प्रकरण अपिलांत अडकलं. आजही काउंटरवरचा अ‍ॅडव्हायझर संगणकात तुमचा सर्व्हिस इतिहास उघडतो, आणि त्यात खाडा दिसला की बोलणं संपतं.

म्हणून वॉरंटीची खरी किंमत काढताना हाही खर्च धरा. ओळखीच्या मिस्त्रीकडे जे सर्व्हिसिंग निम्म्यात होतं ते पुढची दोन वर्षं तुम्ही अधिकृत ठिकाणीच करणार, वर इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग यांच्या आग्रहाला तोंड देणार. गाव तालुक्यापासून लांब असेल, अधिकृत केंद्र साठ किलोमीटरवर असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

क्लेम सगळ्यात जास्त कशामुळे नाकारतात?

सर्व्हिसिंगच्या तारखेमुळे. एक प्रसंग माझ्या हातून घडलेला, म्हणून नीट आठवतो.

माध्यमिक शाळेतले एक शिक्षक होते, गाडी चौथ्या वर्षात, एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली. मे महिन्यात एसी थंड करेना. कंप्रेसर गेला होता, काम तीस हजारांच्या आसपासचं. सर निश्चिंत होते, वॉरंटीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. मी इतिहास उघडला. तिसऱ्या वर्षीचं सर्व्हिसिंग दोन हजार तीनशे किलोमीटर उशिरा झालेलं. वडील आजारी होते, गावाला खेपा चालल्या होत्या, ते राहून गेलं. कंपनी थोड्या किलोमीटरची आणि दिवसांची सवलत देते, तेवढ्यात ते बसत नव्हतं. एसीच्या कंप्रेसरचा इंजिन ऑइल उशिरा बदलण्याशी काय संबंध? काही नाही. पण अट अट असते. जॉब कार्डावर ‘सर्व्हिस शेड्यूल पाळलेलं नाही, क्लेम अमान्य’ हे मीच टाइप केलं. सरांनी ते वाचलं, कार्ड परत पिशवीत घातलं आणि विचारलं, “मग हे मला घेताना कुणी सांगितलं का नाही?” वर्कशॉपने मजुरीत थोडी सूट दिली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा दर सर्व्हिसिंगची तारीख आणि किलोमीटर दोन्ही सांभाळा, बिलं जपून ठेवा. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा न्यावीच लागते.

दुसरं कारण बाहेरून केलेली जोडाजोड. बाजारातून सीएनजी किट बसवलं की इंजिन आणि इंधन यंत्रणेच्या वॉरंटीवर पाणी सोडायचं. कंपनीतूनच बसून आलेल्या सीएनजीला ही अडचण नाही. वायर कापून बसवलेला म्युझिक सिस्टीम, जादा हॉर्न, जास्त वॉटचे दिवे यांमुळे इलेक्ट्रिकलचा क्लेम अडकतो. कप्लरला जोडलेली, न कापलेली वायर असेल तर वाद घालायला जागा राहते.

तिसरं, लाल दिवा लागल्यावरही गाडी तशीच चालवत आणणं. तापमानाचा काटा वर गेलेला असताना खंबाटकी घाट चढून आलेल्या गाडीचं इंजिन वॉरंटीत कुणी करून देत नाही. थांबा, टो करा.

चौथं, भेसळीचं इंधन. पेट्रोल पंपाच्या पावत्या जपणारे लोक मला आधी विक्षिप्त वाटायचे.

आणखी एक. बिघाड शोधायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडावा लागणार असेल, तर उघडण्याआधीच विचारा: क्लेम नाकारला तर उघडण्या-जोडण्याची मजुरी कोण देणार? ते जॉब कार्डावर लिहून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीला?

लोकांना भीती बॅटरीची असते, आणि नेमकी तिलाच मूळ वॉरंटी भरपूर असते. ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर हे बऱ्याच गाड्यांचं प्रमाण झालंय. टाटा, महिंद्रा, एमजी यांनी काही मॉडेलांना ‘लाइफटाइम’ बॅटरी वॉरंटीही दिली आहे, पण ती पहिल्या मालकापुरती. म्हणजे गाडी विकताना तिचं लाइफ तिथेच संपतं, आणि घेणारा भाव पाडून मागतो. ‘लाइफटाइम’चा अर्थ किती वर्षं हेही पुस्तिकेत बघा.

एक्स्टेंडेडमध्ये विचारायचं ते बाकीच्या गोष्टींबद्दल: गाडीतला चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, मोटर आणि तिचा कंट्रोलर. हे बाहेरच्या गॅरेजात होत नाही, पर्याय एकच दुकान. म्हणून ईव्ही सहा-सात वर्षं ठेवणार असाल तर माझं उत्तर ‘घ्या’कडे झुकतं.

वापरलेली गाडी घेतोय. जुन्या मालकाची वॉरंटी मला मिळेल?

कंपनीच्या एक्स्टेंडेड वॉरंट्या बहुधा गाडीबरोबर जातात, पण आपोआप नाही. आरसी नावावर झाली की ठरलेल्या मुदतीत डीलरला कळवावं लागतं, कधी थोडी फी असते. व्यवहार ठरण्याआधी गाडीचा नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि सर्व्हिस इतिहास आणि वॉरंटीची स्थिती काढायला सांगा. ओडोमीटर मागे फिरवलेलं असेल तर तेही तिथेच उघडं पडतं.

विकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर शिल्लक वॉरंटी असलेली गाडी लवकर जाते. पंधरा हजार भरले म्हणून भाव पंधरा हजारांनी वाढत नाही, पण घासाघीस कमी होते.

कंपनीऐवजी बाहेरची वॉरंटी स्वस्तात मिळतेय.

कार कंपनीची मुदत उलटून गेली असेल तेव्हाच हा पर्याय बघा. तीन गोष्टी विचारा. एका क्लेमला आणि सगळ्या मुदतीत मिळून कमाल किती रक्कम देतात? पैसे थेट वर्कशॉपला देतात की आधी तुम्ही भरायचे? आणि भाग मूळ कंपनीचा घालतात की बाजारातला? गिअरबॉक्सच्या लाखाच्या कामाला कमाल मर्यादा पंचवीस हजार असेल तर ती स्वस्त का आहे ते कळतं. ‘आधीपासून असलेला दोष’ ही सबब इथे फार चालते, म्हणून घेताना तपासणीचा अहवाल घ्याच.

गाडी टॅक्सीला लावणार आहे.

पिवळ्या पाटीच्या गाडीच्या अटी वेगळ्या असतात, काही योजनांतून ती वगळलेलीच असते. पांढऱ्या पाटीवर भाडं मारून मग क्लेम करायला जाऊ नका, किलोमीटर बघून पहिला प्रश्न तोच विचारतात.

वॉरंटी संपली आणि महिन्याभरात मोठा बिघाड निघाला. काहीच होत नाही?

विचारून बघा. सगळं सर्व्हिसिंग वेळेवर, एकाच ठिकाणी झालेलं असेल तर वर्कशॉप मॅनेजर कंपनीकडे ‘गुडविल’ची विनंती पाठवू शकतो. भागाचे पैसे कंपनीने सोसायचे आणि मजुरी तुम्ही, असं काहीतरी ठरतं. हा हक्क नाही, पण गोड बोलून मागणाऱ्याला मिळालेलं मी पाहिलंय. आरडाओरडा करणाऱ्यालाही मिळतं, फक्त उशिरा.

आणि त्या मॉडेलवर रिकॉल (दोष सापडल्याने कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) निघालाय का ते गाडीच्या चासी नंबरवरून कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. रिकॉलचं काम वॉरंटी असो-नसो, फुकट होतं.

क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर?

नकार लेखी घ्या, कोणत्या कलमाखाली ते नमूद करून. तोंडी ‘नाही होणार’ला काही अर्थ नाही. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, डीलरला प्रत. तिथे हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अनेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या मुख्यालयात जाते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं आणि वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. जुना काढलेला भाग वर्कशॉपला परत देऊन टाकू नका, पुरावा तोच असतो.

तुम्ही स्वतः घेतली आहे का?

माझ्या गाडीला नाही. मॅन्युअल पेट्रोल हॅचबॅक आहे, आता सातवं वर्ष. वॉरंटीत बसलं असतं असं एकच काम निघालं, एका पॉवर विंडोची मोटर.

कोल्हापूरच्या धाकट्या भावाकडे डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे. त्याला चौतिसाव्या महिन्यात मीच घ्यायला लावली, तो नको म्हणत होता. पुढच्याच उन्हाळ्यात टर्बोचा अ‍ॅक्चुएटर गेला. भाग आणि मजुरी मिळून बिल शून्य आलं, फक्त कूलंट आणि गॅस्केटचे अठराशे रुपये भरावे लागले. वाचलेल्या पैशांबद्दल तो अजून एक अक्षर बोललेला नाही. त्या अठराशेंचा विषय मात्र दर दिवाळीला निघतो.